भांडण कोणाचे, समेट कोणाचा?



गोडादऱ्याहून एका वाचकाचे पत्र आले आहे. अक्षर कष्टाने काढलेले, पण प्रश्न मोठा नेमका आहे. ते लिहितात, "महाराज, मासिकात शांती, क्षमा, सहनशीलता यांविषयी दर महिन्याला वाचतो. घरात भावाशी पटत नाही, खात्यावर शेठ पैसे कापतो. दोन्हीकडे मी गप्प बसतो. लोक म्हणतात, माणूस देवासारखा आहे. पण मनात रात्रंदिवस भांडण चालूच असते. न बोललेले भांडण हे भांडण नव्हे काय? आणि बोलायचे तर कसे बोलायचे, हे आम्हांला कधी कोणी शिकवले आहे?"

पत्र वाचले आणि दोन दिवस उत्तर सुचले नाही. याचे कारण असे की, भांडण मिटवण्याच्या बाबतीत आमच्या हातून जी एक मोठी चूक झाली, ती ह्याच गोडादऱ्यात झाली. ती आजवर या पानावर सांगितली नव्हती. पत्रलेखकाला उत्तर देण्यापूर्वी ती सांगितली पाहिजे.

ज्यांनी गोडादरा पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सुरत शहराच्या पूर्वेकडच्या अंगाला, लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया यांच्या शेजारी ही वस्ती आहे. भुसावळ-जळगावाहून निघालेली गाडी अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करीत ताप्ती लाइनने उधन्याला पोचते, आणि तिच्याबरोबर गेली कित्येक वर्षे आमचा खानदेशही सुरतेत उतरत आला आहे. तिथे मराठी शाळा आहेत, श्रावणात कानबाई बसते, अखाजीला गावी जाणाऱ्यांची स्टेशनावर झुंबड उडते. पोटाचा धंदा मात्र कापडाचा. कोणी लूमवर, कोणी भरतकामाच्या मशीनवर, कोणी साडीच्या घड्या घालण्याच्या कामावर. लूमच्या कारखान्याला तिकडे खाते म्हणतात. पाळी बारा तासांची आणि मजुरी कापडाच्या मापावर. एका खोलीत चार-पाच माणसे. एकजण रात्रपाळीहून येऊन झोपतो तेव्हा दुसऱ्याचे मूल शाळेचा पाठ मोठ्याने म्हणत असते. अशा ठिकाणी भांडण व्हायला स्वभाव वाईट असावा लागत नाही, जागा अपुरी असली की पुरते.

आठ वर्षांपूर्वी तेथे एका भक्ताच्या घरी आमचा मुक्काम होता. दोघे भाऊ. थोरला आधी सुरतेस आला, बरीच वर्षे दुसऱ्याच्या खात्यावर राबला, मग धाकट्याला बोलावून घेतले. दोघांनी मिळून एक गाळा भाड्याने घेतला आणि जुने लूम विकत घेतले. पैसा कमी पडला तेव्हा धाकट्याच्या बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या. दिवाळीला सोडवून देऊ, असे थोरल्याने सांगितले होते. त्या दिवाळीला सुटल्या नाहीत, पुढच्याही दिवाळीला नाहीत. धाकट्याने हिशेब मागितला. थोरला म्हणाला, "ज्याने तुला बोट धरून इथे आणला, त्याच्याकडे हिशेब मागतोस?" बोलणे वाढत गेले, अबोला झाला, स्वयंपाक वेगळा झाला. आम्ही आलो आहोत असे कळताच आजूबाजूच्या मंडळींनी दोघांना आमच्यापुढे आणून बसवले. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

आम्ही काय केले? जे आजवर करीत आलो होतो तेच केले. बंधुप्रेमावर अर्धा तास बोललो. राम-भरत सांगितले. मग धाकट्याला म्हणालो, "थोरल्या भावाच्या पायांवर डोके ठेव." त्याने ठेवले. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आले, मंडळींनी जयजयकार केला. तेवढ्यात स्वयंपाकाच्या ओट्याकडून धाकट्याची बायको म्हणाली, "महाराज, पण माझ्या बांगड्यांचं काय?" आम्ही हसून म्हणालो, "अगं, सोन्यापेक्षा घर मोठं." सगळे म्हणाले, वा! ती पुन्हा बोलली नाही.

सहा महिन्यांत घर फुटले. लूम वाटून घेतले. एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाणे बंद झाले. आम्हांला निरोप आला तेव्हा प्रथम आम्ही म्हणालो, कलियुग आहे, दुसरे काय. असे म्हणणे फार सोपे असते.

आमच्या चुकीचे नाव आज आम्हांला देता येते. त्या बाईचा प्रश्न खरा होता, आणि तो आम्ही सुभाषितासारखे वाक्य टाकून झाकला. त्या दिवशीचा समेट आमचा होता, जमलेल्या मंडळींचा होता. ज्यांचे भांडण, त्यांचा तो नव्हता. शांतता झाली खरी, पण तिची किंमत त्या खोलीतल्या सर्वांत दुबळ्या माणसाकडून वसूल केली गेली. वाचकहो, आपापल्या घरचे मिटलेले एखादे भांडण आठवून पाहा आणि स्वतःला विचारा, त्या वेळी किंमत कोणी दिली होती?

आणि विशेष म्हणजे, आम्ही शिकलो होतो ते शास्त्र ह्याच्या अगदी उलट सांगत होते. पाठशाळेत न्यायशास्त्र वाचताना गौतमांच्या सूत्रांतील कथेचे तीन प्रकार आम्ही पाठ केले होते: वाद, जल्प आणि वितंडा. येथे कथा म्हणजे गोष्ट नव्हे, दोघांमधले वादविवादाचे बोलणे. ज्यात दोघांनाही खरे काय ते कळून घ्यायचे असते, तो वाद. ज्यात काहीही करून जिंकायचे असते, तो जल्प. आणि ज्यात स्वतःचे म्हणणे काहीच नसते, फक्त समोरच्याचे पाडायचे असते, ती वितंडा. मराठीत आपण 'वाद' हा शब्द भांडणाच्या अर्थाने वापरून त्या बिचाऱ्याची अब्रू घालवली आहे. शास्त्रात वाद ही गुरुशिष्यांतही चालणारी, चांगली गोष्ट आहे. आपल्या घरांत वाद क्वचित होतो. होतो तो जल्प, आणि रात्री अकरानंतर वितंडा.

एक उदाहरण घ्या. नवरा उशिरा आला. बायको म्हणाली, "तुम्ही रोजच उशिरा येता." तो म्हणतो, "रोज? मंगळवारी साडेसातला आलो होतो की नाही?" झाले. आता बोलणे उशिराचे राहिले नाही, मंगळवारचे झाले. न्यायशास्त्रात याला छल म्हणतात. बोलणाऱ्याचा अभिप्राय सोडून शब्दाला पकडणे. तिथे जुने उदाहरण दिले आहे ते नवकंबलाचे. कोणी म्हणाले, ह्या मुलाकडे 'नव' कांबळे आहे, म्हणजे नवे आहे. ऐकणारा म्हणतो, 'नव' म्हणजे नऊ; नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! शाळेत या उदाहरणावर आम्ही पोट धरून हसत असू. संसारात तेच रोज घडते आणि तिथे कोणी हसत नाही.

शास्त्रातली आणखी एक रीत आहे, ती तर प्रत्येक घरात आणि प्रत्येक खात्यावर न्यावी अशी आहे. मीमांसेत कोणत्याही अधिकरणाची पाच अंगे सांगतात: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. यात पूर्वपक्ष म्हणजे विरोधकाचे म्हणणे. स्वतःचे मत मांडण्याआधी ते मांडायचे, आणि ते लेचेपेचे करून मांडायचे नाही. आमचे गुरुजी या बाबतीत फार कठोर होते. आम्ही पूर्वपक्ष घाईघाईने उरकून सिद्धांताकडे वळलो की ते पाट बडवून म्हणत, "थांब. तो समोर बसला असता तर हेच माझे म्हणणे, असे म्हणाला असता का?" तो हो म्हणेपर्यंत पुढे जायचे नाही. हा नियम ग्रंथापुरता नसून माणसांसाठी आहे, हे कळायला आम्हांला पन्नाशी गाठावी लागली, आणि तेही दुसऱ्याने कळवले.

ते असे. त्या भावांची फाटाफूट होऊन दोन वर्षे झाल्यावर कळले की दोघांत पुन्हा येणे-जाणे सुरू झाले आहे आणि बांगड्याही सुटल्या आहेत. हे कोणी केले? त्याच गल्लीत राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एका मराठी बाईंनी. त्या आपल्या संप्रदायातल्याही नाहीत. पुढच्या मुक्कामी आम्ही त्यांना भेटायला गेलो आणि विचारले, "बाई, आपण काय सांगितलेत त्यांना?" बाई म्हणाल्या, "मी काही सांगितलं नाही महाराज. मी लिहून घेतलं."

मग हळूहळू त्यांनी सगळे सांगितले. पहिल्यांदा त्या दोघांना वेगवेगळ्या भेटल्या, आणि धाकट्याच्या बायकोला तिसऱ्या दिवशी वेगळ्या. प्रत्येकाचे ऐकून झाल्यावर त्यांना जे समजले ते त्यांनी त्या त्या माणसाला परत सांगितले आणि विचारले, "असंच ना?" दोनदा त्यांचे चुकले, ते दुरुस्त करून घेतले. मग सुटीच्या दिवशी, जेवणे झाल्यावर, भावांना आपल्या खोलीत बोलावले. मंडळी नको म्हणाल्या. चार लोकांपुढे माणूस माघार घेत नाही, त्याला आपला चेहरा सांभाळावा लागतो. बसल्यावर पहिलाच नियम घातला: थोरल्याने आधी धाकट्याची तक्रार सांगायची, धाकट्याने थोरल्याची. आपली नव्हे, समोरच्याची. आणि समोरचा 'हो, हेच' म्हणेपर्यंत पुढे जायचे नाही.

ऐकता ऐकता आमच्या अंगावर काटा आला. बाईंनी मीमांसा वाचलेली नव्हती. चाळीस वर्षे मुलांची भांडणे सोडवली होती, तेवढेच.

थोरल्याला ते प्रथम जमेना. तो पुनःपुन्हा म्हणे, "ह्याचं म्हणणं असं की मी चोर." धाकटा म्हणाला, "मी चोर म्हटलंच नाही. मला घरी जाऊन बायकोला काहीतरी सांगायचं असतं, आणि माझ्याकडे सांगायला काही नसतं." थोरला बराच वेळ गप्प राहिला. मग कळले की त्याच्याकडे हिशेब नव्हताच. सगळे तोंडी होते. हिशेब मागितला की लाज वाटे, आणि लाजेचा राग होई. दोन वर्षे ज्याला सगळे थोरल्याचा अहंकार समजत होते, ती खरी लाज होती. धाकट्याच्या हिशेबाच्या मागणीत त्याला अविश्वास दिसला होता, आणि धाकट्याला थोरल्याच्या रागात लबाडी दिसली होती. दोघांनीही एकमेकांच्या मनातले ओळखल्याचा दावा केला होता आणि दोघांचेही ओळखणे चुकले होते.

बाईंनी तीन बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीत फक्त ऐकणे. दुसरीत वही. यार्नचे देणे किती, वीजबिल किती, गावी आईच्या औषधाला किती पाठवले, आठवेल तसे सगळे लिहून काढले. तिसऱ्या बैठकीला धाकट्याच्या बायकोला बरोबर बसवले, कारण बांगड्या तिच्या होत्या. ठरले ते लहानच: धंदा वेगळाच राहू द्यायचा, थोरल्याने दर महिन्याच्या पंधरा तारखेला ठराविक रक्कम तिच्या हातात द्यायची, वहीत तिने सही करायची. एकत्र स्वयंपाकाचा विषय कोणी काढला नाही. आम्ही विचारले, "बाई, पुन्हा एकत्र राहा असे नाही म्हणालात?" त्या म्हणाल्या, "त्यांनी ते मागितलंच नव्हतं. ते तुम्हांला हवं होतं."

वाचकहो, हे वाक्य आम्ही जसेच्या तसे छापत आहोत.

आता खात्यावरच्या भांडणाकडे वळू. ताक्यात डाग निघाला किंवा धागा तुटून वीण बिघडली की शेठ पैसे कापतो. शेठ म्हणतो, कारागीर रात्री डुलक्या घेतो. कारागीर म्हणतो, यार्नच हलके आणले आहे, त्यात वीज जाते-येते. दोघांचेही कधी खरे असते. पण भांडण त्या ताक्याविषयी होत नाही. "तू कामचोर", "तुम्ही लोकांचे रक्त पिता" असे ते माणसांविषयी होते. माणसाविषयीच्या भांडणाला तोडगा नसतो, ताक्याविषयीच्या भांडणाला असतो. पत्रलेखक बंधूंना आम्ही इतकेच सुचवू: पैसे कापले गेल्यावर महिन्याच्या शेवटी बोलू नका. डाग निघेल त्याच पाळीत तो ताका मास्तरला दाखवा, तारीख व मशीन लिहून ठेवा. रात्रपाळी संपवून बाहेर पडताना, डोळे चुरचुरत असताना तर मुळीच बोलू नका. आणि बोलताना 'तुम्ही नेहमी' असे न म्हणता 'ह्या महिन्यात तीन वेळा कापले, त्यामुळे मला खोलीचे भाडे देता आले नाही' असे म्हणा. पहिल्या वाक्याला शेठ उत्तर शोधेल, दुसऱ्याला त्याला उत्तर द्यावे लागेल. तरीही तो ऐकणार नाही, असे होऊ शकते. एकट्या कारागिराच्या गोड बोलण्याने मजुरीचे सगळे प्रश्न सुटतात असे आम्ही म्हणणार नाही. पाच-दहा जणांनी मिळून तेच शांतपणे सांगणे हेही भांडण सोडवण्याचेच साधन आहे, फूस लावणे नव्हे.

याच गुजरातेत १९१८ साली अहमदाबादच्या गिरण्यांत झालेला लढा ह्या बाबतीत अभ्यासण्याजोगा आहे. प्लेगच्या काळात कामगारांना मिळणारा जादा भत्ता बंद होत होता आणि महागाई तर वाढलेली. कामगार पन्नास टक्के वाढ मागत होते, मालक वीस टक्क्यांवर अडले होते. गांधीजींनी दोन्ही बाजूंची आकडेमोड तपासून पस्तीस टक्के ही मागणी ठरवली, म्हणजे आधी कामगारांनाच त्यांच्या मागणीवरून खाली आणले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई. कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. एकाच घरातले भाऊ-बहीण दोन बाजूंना! लढा तीव्र झाला, पण बहीण-भावाचे नाते त्यात मोडले नाही. शेवटी निर्णय आनंदशंकर ध्रुव या लवादाकडे सोपवला गेला आणि त्यांनी पस्तीस टक्केच दिले. मधल्या काळात पहिल्या दिवशी पस्तीस, दुसऱ्या दिवशी वीस आणि पुढे दोहोंच्या मधला साडेसत्तावीस टक्के असा तोडगा निघाला, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञाही राहिली आणि मालकांचाही शब्द राहिला. कोणाला हा पोरखेळ वाटेल. आम्हांला त्यात माणसाच्या मानाची मोठी जाण दिसते. आणि आमच्यासारख्यांनी विशेष लक्षात ठेवावे ते हे: कामगार ढिले पडू लागले तेव्हा गांधीजींनी उपोषण केले, आणि पुढे आत्मकथेत स्वतःच कबूल केले की त्या उपोषणात दोष होता, कारण त्याचा दाब मालकांवर आला. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने समेट घडवताना ते वजन कोणाच्या छातीवर पडते हे पाहिले पाहिजे. गोडादऱ्यातल्या त्या खोलीत आमच्या भगव्या वस्त्राचे वजन एका बाईवर पडले होते.

हे मासिक वचनचिंतनाचे आहे, म्हणून शरणांकडे येतो. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आपण सारे जाणतो. कल्याणात महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्याचे कायक. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्माने ते पाहिले आणि जास्तीचे परत टाकून यायला सांगितले. प्रवचनकार, आम्हीही त्यांत आलो, ही कथा लक्कम्माच्या निर्लोभतेची म्हणून सांगतात. ते खरेच आहे. पण ही नवरा-बायकोच्या मतभेदाचीही कथा आहे, आणि ती बाजू आपण सोडून देतो. लक्कम्मा घरात शांतता राहावी म्हणून गप्प बसली नाही. नवरा दमून आला आहे, जाऊ दे, असेही म्हणाली नाही. तिने आडवळणाने टोमणे मारले नाहीत की शेजारणीला जाऊन सांगितले नाही. ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशीच बोलली, त्याच दिवशी बोलली, आणि काय करायचे ते नेमके सांगितले: जास्तीचे जिथले तिथे ठेवून या. मारय्यानेही 'तू मला शिकवणार?' असे म्हटले नाही. तो गेला. मारय्याच्या त्या उठून जाण्यावर कोणी प्रवचन करताना आम्ही ऐकले नाही.

आमच्या सोलापूरच्या सिद्धरामांची कथाही अशीच. तळ्याचे काम चालू असताना अल्लमप्रभू तिथे आले आणि त्यांनी सिद्धरामांचा उपहासाने उल्लेख केला. खोदकाम करणारी माणसे चिडली, दगड उगारले, सिद्धरामही क्रोधाने आले, अशी आख्यायिका शून्यसंपादनेत आहे. पुढे त्या दोघांत जो संवाद झाला त्याने सिद्धराम कल्याणच्या वाटेला लागले. शून्यसंपादना हा सबंध ग्रंथच संवादाच्या रूपात रचलेला आहे. शरण एकमेकांना प्रश्न विचारतात, अडवतात, कठोरही बोलतात. अनुभवमंटपात मतभेद नव्हते असे ज्यांना वाटते त्यांनी तो ग्रंथ उघडून पाहावा. अक्कमहादेवी तिथे आल्या तेव्हा त्यांना किती कसून विचारले गेले! पण विचारणाऱ्यांनी उत्तर ऐकून घेतले, आणि मग मान तुकवली.

जाता जाता एक गोष्ट. रागावरचे म. बसवण्णांचे वचन कित्येक घरांत चौकट करून भिंतीला लावलेले असते. ते स्वतःसाठी लावलेले असते की समोरच्याला दाखवण्यासाठी? एका घरी आम्ही पाहिले, सासूबाई चिडल्या की सून त्या चौकटीकडे बोट करी, आणि सून चिडली की सासूबाई. वचनाचा असाही उपयोग होतो.

आता या साऱ्याला एक मर्यादा आहे, आणि ती सांगितली नाही तर आमचे लिहिणे धोक्याचे ठरेल. जिथे मारहाण आहे, जिथे एकजण दुसऱ्याला भितो, तिथे 'दोघांचे म्हणणे ऐकून मधला मार्ग' काढायचा नसतो. भिणारे माणूस मारणाऱ्याच्या समोर बसून खरे बोलूच शकत नाही. तिथे बैठक घालणे म्हणजे तिला पुन्हा त्याच्या हाती देणे होय. अशा बाईला मठाकडे आणून 'सहन कर, सोनं होईल' असे आमच्याकडून वदवून घेऊ नका. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ सालचा कायदा आहे. गुजरातेत १८१ या क्रमांकावर 'अभयम' ही महिलांची मदतसेवा आहे, तिथून समुपदेशक स्त्री प्रत्यक्ष घरी येते. शेजाऱ्यांनी तो क्रमांक पाठ ठेवावा.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा आमच्या मठाच्या भागातल्या गावांतही समित्या झाल्या. बांधाचे, रस्त्याचे कितीतरी तंटे कोर्टाची पायरी न चढता मिटले, हे चांगलेच झाले. परंतु त्यात गावाला बक्षीस होते, आणि बक्षिसाची आशा असली की मिटलेल्या तंट्यांची संख्या वाढवण्याची घाई होते. घाईने मिटवलेल्या तंट्यात कोणाच्या तरी बांगड्या गहाण राहतात. गावचे पंच असोत, घरची वडीलधारी असोत की मठाधिपती असोत, भांडण मिटवणाऱ्याने स्वतःला आधी विचारावे: मला हे लवकर मिटायला का हवे आहे? त्यांच्यासाठी, की मला त्याचा त्रास होतो म्हणून?

आमच्या बाबतीत उत्तर लाजिरवाणे होते. त्या संध्याकाळी आम्हांला उधन्याहून गाडी पकडायची होती.

पत्रलेखक बंधू, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ: होय, न बोललेले भांडण हे भांडणच आहे. फक्त त्यात समोरच्याला उत्तर द्यायची संधी दिलेली नसते, म्हणून ते जास्त एकतर्फी असते. मनातला भाऊ खऱ्या भावापेक्षा नेहमीच अधिक वाईट बोलतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर आले आहे. बोलण्यापूर्वी एकदा कागद घ्या आणि भावाचे म्हणणे, तो 'हो, हेच' म्हणेल अशा रीतीने लिहून पाहा. जमले नाही तर अजून बोलायची वेळ आलेली नाही, आधी विचारायची आली आहे. तुमच्या गल्लीपासून त्या बाईंचे घर दूर नाही. पत्ता वेगळ्या पत्राने कळवीत आहोत, त्यांची परवानगी घेतली आहे.

बाईंना भेटलो त्याच मुक्कामात आम्ही त्या धाकट्या भावाच्या घरी गेलो. मंडळींना खाली थांबायला सांगितले. त्या माऊलीने पाट मांडला. आम्ही म्हणालो, "ताई, त्या दिवशी तुम्ही विचारलेला प्रश्न योग्य होता. सर्वांसमोर मी तो हसण्यावारी नेला. ती चूक माझी." ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "महाराज, तेव्हा सगळे 'वा' म्हणाले ना, त्याचं जास्त लागलं." आम्ही म्हणालो, "मग हेही सगळ्यांसमोर सांगायला हवे." ती म्हणाली, "छापा, पण नाव घालू नका." आणि चहा ठेवायला आत गेली.